खुब्याच्या ऑपरेशनसाठी परदेशातून गावी येताय? येणाऱ्यांचे आणि घरच्यांचे प्रश्न

अमेरिका, इंग्लंड, आखातात राहणारी आपली माणसं खुबा बदलायला नागपूर-वर्ध्याकडे येतात आणि पुढचे दोन-तीन महिने गावच्या घरात काढतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे. आर्वी, देवळी, पुलगाव या भागात घरी जाऊन अशा पेशंटकडून व्यायाम करून घेते. ऑपरेशनचा निर्णय तुमच्या सर्जनचा. ऑपरेशननंतर घरात काय होतं, ते मी रोज पाहते. तिकडचं आणि इकडचं बिल प्रत्येक जण ताडून पाहतो. पेशंटला उठवायचं कोणी, बसवायचं कुठे, ताप आला तर न्यायचं कुठे, याचा विचार मात्र माणूस घरी आल्यावर सुरू होतो. म्हणून हे पान येणाऱ्याइतकंच गावातल्या भावासाठी, वहिनीसाठी आणि आईवडिलांसाठी आहे.

खुबा ‘गेला’ म्हणजे नेमकं काय झालेलं असते?

मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. दोघांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. तो झिजला, किंवा गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून गोळाच चेपला, की सांधा घासायला लागतो. रक्तपुरवठा बंद पडण्याच्या प्रकाराला डॉक्टर एव्हीएन म्हणतात. आपल्याकडे तिशी-चाळिशीतल्या माणसाचा खुबा गेला की बहुतेक वेळा हेच निघतं. सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार), दारू, जास्त दिवस घेतलेली स्टिरॉइडची औषधं आणि जुना मार ही त्याची नेहमीची कारणं.

खुब्याचं दुखणं जांघेत जाणवतं. कधी ते मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरतं, आणि मग वर्षभर गुडघ्याला तेल चोळणं चालतं. बूट-मोजे घालताना, मांडी घालताना, एसटीच्या पायरीवर पाय टाकताना जांघेत कळ येत असेल तर खुब्याचा एक्स-रे काढा. एव्हीएनच्या सुरुवातीला एक्स-रे साफ दिसू शकतो, तेव्हा एमआरआय लागतो. त्या टप्प्यावर सापडलं तर सांधा न बदलता हाडातला दाब कमी करण्याचं छोटं ऑपरेशनही काही जणांना पुरतं.

एवढ्या मोठ्या देशात राहून इकडे काहून यायचं?

अमेरिकेत विमा नसेल किंवा तुटपुंजा असेल तर खुबा बदलायला 30-40 हजार डॉलर सहज लागतात, मोठ्या शहरात त्याहून जास्त. विमा असला तरी त्यातला आपला हिस्सा काही हजार डॉलरचा असतो. यात फक्त आपलीच माणसं सापडलीत असंही नाही. 2007 साली एक अमेरिकन गृहस्थ याच ऑपरेशनसाठी बेल्जियमला गेले, तिथे सगळं मिळून 13,660 डॉलरमध्ये झालं, आणि ती गोष्ट पुढे तिकडच्या वर्तमानपत्रांत गाजली.

इंग्लंडचं गणित निराळं. तिथे सरकारी आरोग्यसेवेत ऑपरेशन फुकट होतं, अडचण रांगेची आहे. 18 आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असा त्यांचा नियम आहे, पण खुब्या-गुडघ्याच्या पेशंटना त्याहून बरंच जास्त थांबावं लागतं. खाजगीत जायचं तर 12-15 हजार पौंडांच्या पुढे.

नागपुरात चांगल्या खाजगी रुग्णालयात एका खुब्याला साधारण 2 ते 4 लाख रुपये लागतात. फरक उघड आहे. तरीही इंग्लंडमध्ये नंबर दोन-तीन महिन्यांवर आला असेल आणि दुखणं सोसण्याजोगं असेल तर मी तिथेच करा म्हणते. ऑपरेशन करणारा आणि पुढची वीस वर्षं तपासणारा एकाच गावात असणं ही मोठी गोष्ट आहे.

भाचा म्हणतो थायलंड नाही तर तुर्कीत करा, तिकडे पण स्वस्त आहे.

लोक जातात. इंग्लंडमधले लिथुआनिया, पोलंडला जातात, अमेरिकेतले मेक्सिको, कोस्टा रिकाला. ज्याचं तिथे कोणी नाही त्याला हॉटेलात राहून बरं व्हावं लागतं. तुमचं घर इथे आहे, भाषा इथली आहे, मग तिसऱ्या देशात जाण्यात मला काही फायदा दिसत नाही.

व्हिसा लागतो का?

भारतीय पासपोर्ट असेल तर प्रश्नच नाही. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते) असेल तरी वेगळा व्हिसा नको. दोन्ही नसेल तर ई-मेडिकल व्हिसा काढा आणि सोबत येणाऱ्यासाठी मेडिकल अटेंडंटचा. त्यासाठी रुग्णालयाचं पत्र लागतं. ते ऑपरेशनची तारीख ठरतानाच मागून घ्या.

‘पॅकेज’ अडीच लाखांचं सांगितलं. त्यात सगळं येते का?

क्वचितच. लेखी यादी मागा आणि त्यात पुढच्या गोष्टी आहेत का ते बोट ठेवून बघा: सांध्याची किंमत (कोणत्या कंपनीचा, कोणता प्रकार), भूल देणाऱ्यांची फी, रक्ताच्या पिशव्या, अतिदक्षता विभागात एखादा दिवस काढावा लागला तर त्याचा दर, रक्त पातळ करायची औषधं, घरी गेल्यावरची पट्टी. खोलीचा दर बदलला की कित्येक ठिकाणी ऑपरेशनची फीसुद्धा बदलते, हे आधी विचारा. परदेशी पत्ता दिला की काही रुग्णालयं वेगळं दरपत्रक काढतात. तेही तोंडावर विचारायला लाजू नका.

एक गोष्ट नीट समजून घ्या. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याची कमाल किंमत सरकारने ऑगस्ट 2017 मध्ये ठरवून दिली. खुब्याच्या सांध्याला तशी ठरलेली कमाल किंमत लागू झाली नाही. छापील किमतीत वर्षाला 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढ करता येत नाही, एवढंच बंधन आहे. त्यामुळे दोन रुग्णालयांच्या बिलातला लाखाचा फरक कित्येकदा एकट्या सांध्याचाच असतो.

रुग्णालय आणि तुमच्यामध्ये एजंट असेल तर त्याचं कमिशन कुठून तरी वसूल होतंच. सर्जनशी थेट व्हिडिओ कॉल घालून देत नसेल तर तो एजंट सोडा.

महात्मा फुले योजनेत होते का?

परदेशात राहणाऱ्याने त्यावर अवलंबून राहू नये. ती इथल्या रेशनकार्डधारक कुटुंबांसाठी आहे. पण हे वाचणाऱ्या घरात खुबा दुखणारे आईवडील असतील तर जरूर बघा. योजनेची मर्यादा आता कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपये आहे. शिवाय 70 वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, मोफत उपचाराचं आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर 2024 पासून मिळतं. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. आपलं ऑपरेशन योजनेत बसतं का, आणि त्याच रुग्णालयात बसतं का, हे भरती होण्याआधी त्याच्याकडून कळून घ्या. कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर ते आधी दुरुस्त करा. बाई माहेरच्या नावाने एका कागदावर आणि सासरच्या नावाने दुसऱ्यावर, यात दिवसच्या दिवस जातात.

कुठे करावं? नाव सांगा न, ताई.

एका सर्जनचं नाव मी सांगणार नाही. पर्याय मात्र आपल्या भागात चांगले आहेत. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय वर्ध्याच्या दोन्ही अंगांना आहेत. नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानजवळचं एम्स ही सरकारी रुग्णालयं आहेत. खाजगी रुग्णालयं रामदासपेठ-धंतोलीत लागूनच आहेत. अमरावती, अकोला, यवतमाळकडच्यांना नागपूरच गाठावं लागेल असं नाही, आपल्या जिल्ह्यात आधी विचारा.

सर्जनला हे विचारा: वर्षाला खुबे किती बदलता? गुडघे नाही, खुबे. सिकलसेलचे किंवा एव्हीएनचे तरुण पेशंट केलेत का? सांधा पुन्हा बदलायची वेळ आली तर तुम्ही करता की दुसरीकडे पाठवता? रात्री दोन वाजता अडचण आली तर फोन कोण उचलेल? रुग्णालयाला एनएबीएचची (रुग्णालयांचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता आहे का तेही बघा. रात्रीच्या फोनच्या प्रश्नाचं उत्तर ‘आमच्या एजन्सीला लावा’ असं आलं तर मी दुसरं ठिकाण बघीन.

सांधा कोणता बसवावा? जितका महाग तितका टिकतो का?

असं मुळीच नाही. इंग्लंडच्या विगनजवळ राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्न्ली यांनी नोव्हेंबर 1962 मध्ये पोलादी गोळा आणि विशिष्ट प्लास्टिकची वाटी सिमेंटने बसवायला सुरुवात केली. आजचे बहुतेक सांधे त्याच कल्पनेची सुधारलेली रूपं आहेत. प्लास्टिक जास्त टिकाऊ झालं, गोळा धातूबरोबर सिरॅमिकचाही मिळू लागला, आणि ज्याची हाडं मजबूत आहेत त्याला मांडीच्या हाडात सिमेंटशिवाय बसणारा दांडा घालतात.

नवं म्हणून घेतलं आणि फसलं, याचं मोठं उदाहरण भारतानेही पाहिलं आहे. डेप्यू कंपनीचा एएसआर नावाचा धातूवर धातू घासणारा सांधा ऑगस्ट 2010 मध्ये जगभरातून परत बोलावला गेला. त्यातून सुटणारे धातूचे कण आजूबाजूच्या मांसाला त्रास देत होते आणि रक्तात मिसळत होते. भारतात तो हजारो लोकांना बसवलेला होता, आणि कोणाला बसवला याच्या नोंदी धड नसल्याने कित्येक पेशंट सापडलेच नाहीत. भरपाईचा विषय त्यानंतर अनेक वर्षं चालला.

यातून दोन कामं करा. पहिलं, ‘या मॉडेलची दहा-पंधरा वर्षांची आकडेवारी कुठल्या देशाच्या नोंदवहीत आहे?’ असं विचारा. इंग्लंड, स्वीडन, ऑस्ट्रेलिया इथे प्रत्येक सांध्याची राष्ट्रीय नोंद ठेवतात. चांगल्या मॉडेलची माहिती सर्जनला तोंडपाठ असते. दुसरं, सांध्याच्या डब्यावर स्टिकर असतात. त्यावर कंपनी, माप आणि बॅच नंबर छापलेला असतो. एक स्टिकर रुग्णालयाच्या कागदांवर लागतो, एक तुमच्या डिस्चार्ज कार्डावर लावून घ्या आणि घरी पोचण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढा. कागद भिजतो, उंदीर कुरतडतात, फोटो तिकडे-इकडे दोन्हीकडे राहतो.

टिकण्याचं म्हणाल तर 2019 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मोठा अभ्यास आला होता. 15 वर्षांनी साधारण 89 टक्के, 20 वर्षांनी 70 टक्के आणि 25 वर्षांनी 58 टक्के सांधे जागेवर होते. पस्तिशीत बदलला तर आयुष्यात आणखी एकदा बदलायची तयारी मनात ठेवायची. ती दुसरी वेळ पहिल्यापेक्षा अवघड आणि महाग असते.

किती दिवसांची सुट्टी काढावी?

रुग्णालयात तीन ते पाच दिवस. बहुतेकांना दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात. वॉकर सुटून काठी, आणि काठी सुटून मोकळं चालणं, याला सहा आठवडे धरा, काहींना जास्त.

खरा प्रश्न परतीच्या विमानाचा आहे. ऑपरेशननंतर पायातल्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका काही आठवडे राहतो, म्हणून रक्त पातळ करायचं औषध साधारण 35 दिवसांपर्यंत चालतं. नागपूरहून न्यूयॉर्क-शिकागोचा प्रवास विमानतळावरचा वेळ धरून एक दिवस खातो. इंग्लंडच्या आरोग्यसेवेचा सल्ला लांबचा विमानप्रवास तीन महिने टाळा असा आहे. काही सर्जन सहा आठवड्यांनी परवानगी देतात. मी म्हणेन, तीन महिने निघत असतील तर तीन महिनेच राहा. चार आठवड्यांची सुट्टी असेल तर यंदा ऑपरेशन करू नका. पुढच्या वर्षी सुट्टी साठवून या.

परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा. जखम पाझरत राहिली तर तिकिटाच्या तारखेसाठी निघणं जिवावर बेतू शकतं. आणि साधा प्रवासविमा ठरवून केलेल्या ऑपरेशनला आणि त्यातून उद्भवलेल्या त्रासाला सहसा पैसे देत नाही, हे धरून चाला.

दोन्ही खुबे खराब आहेत. एकाच भरतीत उरकता येईल?

काही निवडक, तब्येतीने धडधाकट पेशंटचे करतात. रक्तस्राव, गाठ आणि हृदयावरचा ताण वाढतो, आणि गावच्या घरात दोन्ही पाय कमजोर असलेला माणूस सांभाळायला दोन दणकट माणसं चोवीस तास लागतात. फक्त सुट्टी वाचते म्हणून हा निर्णय घेऊ नका.

माझ्या बहिणीला सिकलसेल आहे. तिचं ऑपरेशन होते का?

होतं, आणि झाल्यावर आयुष्य बदलतं. विशी-तिशीतली मुलगी वर्षानुवर्षं लंगडत, भिंत धरून चालते आणि घरचे ‘सिकलचं दुखणं आहे, जाईल’ म्हणत राहतात. गडचिरोली, चंद्रपूरपासून नागपूर, भंडारा, गोंदियापर्यंत अशी घरं आहेत. सिकलच्या तांबड्या पेशी बारीक नळ्यांत अडकतात आणि मांडीच्या गोळ्याचं हाड मरतं. म्हणून सिकलच्या पेशंटला जांघेत सतत दुखलं तर तो सिकलचा नेहमीचा झटका (क्रायसिस) समजून गोळीवर काढू नका, एक्स-रे-एमआरआय करा.

या ऑपरेशनला जास्त तयारी लागते. हाडाची नळी आतून अरुंद किंवा कडक झालेली असते, त्यामुळे दांडा बसवताना हाड तडकू शकतं. जंतुसंसर्गाचा धोका इतरांपेक्षा जास्त. ऑपरेशनच्या आधी रक्त चढवायचं का आणि किती, हे रक्तविकाराचे डॉक्टर ठरवतात. वारंवार रक्त घेतलेल्या पेशंटला जुळणारं रक्त शोधायला वेळ लागतो, म्हणून रक्तपेढीला आधी कळवावं लागतं. ऑपरेशनच्या दिवशी उपाशीपोटी पाणी कमी पडू नये म्हणून सलाईन, अंग गरम ठेवणं, ऑक्सिजन, दुखणं दाबून न ठेवता पुरेसं वेदनाशामक, हे सगळं काटेकोर हवं. हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलचं औषध चालू असेल तर ते आपल्या मनाने बंद करू नका.

परदेशातून येणाऱ्या सिकलच्या पेशंटला मी आणखी एक सांगते: विमानातून उतरल्याबरोबर ऑपरेशन नको. आठवडाभर घरी राहा, भरपूर पाणी प्या, मग भरती व्हा. रुग्णालय असं निवडा जिथे हाडांचा विभाग आणि रक्ताचे डॉक्टर एकाच छताखाली आहेत. इथे मोठ्या सरकारी आणि मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयांचा अनुभव कामी येतो. सिकलचे पेशंट त्यांनी रोज पाहिलेले असतात, न्यूजर्सीच्या एखाद्या डॉक्टरने वर्षात दोन पाहिले असतील.

ऑपरेशनआधी घरी काय करावं?

खर्रा आणि बिडी बंद. आठवडाभर आधी नाही, निदान महिनाभर आधी, आणि नंतरही. तंबाखूने जखम भरायला उशीर होतो आणि हाड धरत नाही. दात किडले असतील, हिरड्यांतून पू येत असेल तर आधी दातांचं काम करून घ्या. तोंडातले जंतू रक्तावाटे नव्या सांध्यावर जाऊन बसू शकतात. साखर ताब्यात नसेल तर चांगला सर्जन तारीख पुढे ढकलतो. त्याच्यावर रागावू नका. लघवीला जळजळ, अंगावर गळू, पायाला भेग पडून चिघळलेली, हे लपवू नका.

मांडीचे आणि कुल्ल्याचे साधे व्यायाम ऑपरेशनच्या आधीच शिकून घ्या. दुखत असताना शिकणं अवघड जातं.

गावच्या घरात काय तयारी ठेवावी?

इथे मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण बहुतेक अडचणी इथूनच निघतात.

पहिले काही आठवडे तीन गोष्टी टाळायच्या असतात: गुडघा कमरेच्या वर नेणं, पायावर पाय टाकणं, आणि पाय आत वळवणं. यातली एक झाली तर गोळा वाटीतून निसटू शकतो. आपलं घर नेमकं या तिन्ही गोष्टी करायला लावतं.

बाज काढून टाका. नवारीची असो की सुंभाची, ती मधे खोल जाते, माणूस तिच्यात बसला की गुडघे वर आणि कुल्ले खाली. लाकडी दिवाण किंवा पलंग हवा, आणि त्याची उंची मोजायची. पेशंटएवढ्या उंचीच्या भावाला उभं करा, त्याच्या गुडघ्यामागची घडी जमिनीपासून किती आहे ते काठीने मोजा आणि त्याहून चार बोटं वर बसायची जागा येऊ द्या. कमी पडली तर पलंगाच्या चारही पायांखाली सारखे ठोकळे द्या. विटा नको, त्या सरकतात. खुर्चीला हात असलेच पाहिजेत, आणि प्लास्टिकची हलकी खुर्ची उठताना मागे पळते, ती नको.

संडास. मागच्या अंगणात, दोन पायऱ्या उतरून, उकिडवं बसायचा. तो वापरायचा नाही. कमोड खुर्ची आणा, मधे भोक असलेली. ती भांड्यावर ठेवता येते किंवा खोलीतच खाली डबा ठेवून वापरता येते. वर्धा-नागपुरात औषधांच्या मोठ्या दुकानांत मिळते, भाड्यानेही मिळते. कित्येक जण ‘परक्यासारखं खोलीत कसं जायचं’ म्हणून लाजतात आणि पाणी पिणंच कमी करतात. त्याने बद्धकोष्ठ होतो, लघवीचा संसर्ग होतो. घरच्यांनी पहिल्याच दिवशी हा संकोच काढून टाकावा.

उंबरठे मोजा. जुन्या घरात खोली-खोलीला असतात. वॉकरची चाकं तिथे अडतात, म्हणून बिनचाकाचा वॉकर घ्या. सारवलेली जमीन ओली असताना पेशंटला चालवू नका. गोधडी, सतरंजी, मोबाइलच्या चार्जरची वायर वाटेतून उचला. कुत्रं, कोंबड्या, लहान पोरं वॉकरच्या पायात येतात. रात्रीचा दिवा हवा, आणि लोडशेडिंग असेल तर चार्जिंगचा.

झोपताना उताणं, दोन पायांत उशी. पाय दाबून द्यायला येणाऱ्या मावशीला प्रेमाने नाही म्हणा. जखमेवर हळद, तेल, राख, कसलाच लेप नको.

मांडी घालून जेवता येईल का? शेतात जाता येईल?

खुर्चीवर बसून जेवायची सवय करा, ती कायमची ठेवली तर उत्तम. काही सर्जन तीन-चार महिन्यांनी मांडी घालायची परवानगी देतात, सांध्याचा प्रकार आणि ऑपरेशन कुठल्या बाजूने केलं ते बघून. त्यांनाच विचारा. उकिडवं बसणं, निंदण, वाकून कापूस वेचणं याला माझा नकार आहे. बांधावरून फेरी, गाडी चालवणं, उभ्याने पाणी सोडणं हे सहा आठवडे ते तीन महिन्यांत हळूहळू जमतं.

कोणत्या महिन्यात यावं?

दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. मेमध्ये आपल्याकडे पारा 45-46 वर जातो, घामाने पट्टी सुटते, पाणी कमी पडतं आणि सिकलच्या पेशंटला ते थेट बाधतं. पावसाळ्यात चिखलाची वाट आणि घरातली ओल. अडचण अशी की नोव्हेंबर ते जानेवारी कापसाची वेचणी चालते आणि घरात सांभाळायला कोणी नसतं. तेव्हा एका माणसाला त्या महिन्यांपुरतं शेतातून मोकळं करा, वेचणीला एक मजूर जास्त लावा. तो खर्च ऑपरेशनच्या खर्चातच धरा.

ताप आला तर गावच्या डॉक्टरकडे जाऊ का?

जा, पण हे पान दाखवा. जखमेतून दहा-बारा दिवसांनंतरही पाणी किंवा पू येत असेल, लाली पसरत असेल, ताप येत असेल, बरं होत आलेलं दुखणं पुन्हा वाढत असेल, तर अँटिबायोटिकचं इंजेक्शन किंवा गोळी सुरू करण्याआधी ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला फोन करा. आधीच अँटिबायोटिक दिलं की सांध्यातलं पाणी तपासल्यावर जंतू सापडत नाही, आणि जंतू सापडला नाही तर नेमकं औषध देता येत नाही. चार दिवसांच्या इंजेक्शनांनी ताप उतरतो, आत संसर्ग तसाच राहतो आणि पुढे सांधाच काढावा लागतो.

पोटरी एका बाजूची सुजली, दुखली, किंवा अचानक दम लागला, छातीत दुखलं तर फोनवर चर्चा नको. 108 बोलवा. पाय अचानक आखूड दिसला, वळला आणि पेशंट किंचाळला तर सांधा निसटलाय. ओढून बसवायचा प्रयत्न कोणीही करू नये.

आई अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं. मोठा भाऊ अमेरिकेहून येईपर्यंत थांबावं का?

नाही. हा प्रश्न वेगळा आहे आणि याचं उत्तर एकच आहे. म्हाताऱ्या माणसाच्या मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हायला हवं. पडून राहिल्याने निमोनिया, पाठीला जखमा, रक्ताची गाठ होते, आणि माणूस जातो तो यानेच. जवळच्या सोय असलेल्या रुग्णालयात न्या, सही गावातला मुलगा, मुलगी, सून कोणीही करू शकते. हाड बसवणाऱ्याकडे नेऊन पट्टी बांधू नका. भावाने विमानात बसावं, पण ऑपरेशन त्याच्यासाठी थांबवू नये.

काही चुकलं तर दाद कुठे मागायची?

पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 सालीच स्पष्ट केलं. 2019 च्या कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. अमेरिकेच्या किंवा इंग्लंडच्या कोर्टात इथल्या डॉक्टरविरुद्ध काही होईल ही आशा ठेवू नका. उपचाराचे कागद मागितल्यापासून 72 तासांत ते द्यावेत असा डॉक्टरांसाठी नियम आहे, म्हणून लेखी मागा आणि पोच घ्या.

परत गेल्यावर तिकडचे डॉक्टर बघतात का?

इमर्जन्सी असेल तर बघतात. नेहमीच्या तपासणीला काही जण कां-कू करतात, कारण दुसऱ्याचं काम आणि अनोळखी सांधा. म्हणून येण्याआधीच तिकडच्या आपल्या डॉक्टरला सांगा आणि नंतर कोण तपासेल ते ठरवा. भारतात भरती होऊन आलेल्या पेशंटची तिकडे पुष्कळ ठिकाणी औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंसाठी तपासणी होते. 2008 मध्ये दिल्लीत उपचार घेऊन गेलेल्या एका स्वीडिश नागरिकात एनडीएम-1 (बहुतेक अँटिबायोटिकना निकामी करणारा घटक) असलेला जंतू सापडला, तेव्हापासून ही खबरदारी वाढली. त्यात अपमान मानू नका, उलट आपण होऊन सांगा.

सोबत हे न्या: डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनचा सविस्तर तपशील इंग्रजीत, सांध्याचे स्टिकर, ऑपरेशनआधीचे आणि नंतरचे एक्स-रे सीडीवर किंवा फाइलच्या रूपात, दिलेल्या औषधांची नावं. विमानतळावर सांध्यामुळे यंत्र वाजू शकतं, तेव्हा खुबा बदलला आहे असं सांगितलं की ते हाताने तपासतात.

एक्स-रे सहा आठवड्यांनी इथेच, मग वर्षाने तिकडे, आणि पुढे तिकडचे डॉक्टर सांगतील त्या अंतराने. दुखत नसलं तरी काढायचा, कारण सांधा सैल होऊ लागतो तेव्हा सुरुवातीला बऱ्याचदा काहीच दुखत नाही. वर्षाच्या एक्स-रेची प्रत इथल्या सर्जनलाही पाठवा.